जवसाचा सदरा

माझ्या पदवीदानाच्या दिवशी बाने घातलेला पांढरा सदरा आमच्या घरात दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेला असे. त्या दिवशी इस्त्री मोडू नये म्हणून नेरपासून अमरावतीपर्यंत बा बसमध्ये पाठ न टेकता बसला होता. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. समारंभात कधी काय होतं, टाळ्या कधी वाजवायच्या, हे आम्हा बापलेकींना ठाऊक नव्हतं. बा शेजारच्या माणसाकडे बघून टाळ्या वाजवत होता. माझं नाव पुकारलं तेव्हा नेमका तो शेजारी थांबलेला होता, म्हणून बासुद्धा थांबला. परतीच्या वाटेवर त्याच्या ते ध्यानात आलं. "तुह्या वाटच्या टाळ्या राह्यल्याच पाय," तो म्हणाला, आणि स्टँडवर सगळ्या लोकांदेखत त्याने त्या वाजवल्या.

पुढे एका कापसाच्या हंगामात ट्रॉलीवर गाठोडी रचताना बा खाली आला. हाड जुळलं, पण उजवा खांदा आखडून गेला. कोपर वाके, बोटं चालत, जेवणाची अडचण नव्हती. हात तेवढा खांद्यापासून वर जात नसे आणि मागेही जात नसे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्याने केले, बराचसा फरकही पडला. पण शर्ट घालायला माणूस लागे तो लागेच. एका लग्नाच्या दिवशी अंगणात माझा भाऊ त्याला शर्ट चढवत होता, तेव्हा मांडवातली एक पोरगी तिच्या आईला म्हणाली, "पाय ना, आजोबाले अंगडं घालून राह्यले." सगळे हसले. बासुद्धा हसला. त्या दिवसापासून मात्र त्याने बाहेर जाणं सोडलं. घरात बनियनवर बसे, कोणी आलं तर खांद्यावर टॉवेल ओढून घेई.

त्या वर्षीची होळी मला विसरता येत नाही. आमच्या लमाणांच्या तांड्यात होळी पहाटे पेटते आणि तिच्याभोवती पुरुष डफाच्या तालावर लेंगी म्हणतात. एकजण ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात. माझ्या आठवणीत ओळ उचलणारा कायम बाच होता. त्या पहाटे तो गेला नाही. खाटेवर बसून ऐकत राहिला. कोणीतरी दुसऱ्याने ओळ उचलली, ती मध्येच तुटली, हशा पिकला, पुन्हा सुरू झाली. बाचे ओठ हलत होते. याडीने, म्हणजे माझ्या आईने, चहा पुढे केला तर म्हणाला, "चुकवून राह्यले बेटे."

पुढच्या होळीला बा स्वतःच्या हाताने कपडे घालून लेंगीला गेला पाहिजे, हे मी तेव्हाच मनाशी ठरवलं. कसं, ते मात्र कळत नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही शिंप्याकडे गेलो. बगल मोठी ठेवा, असं मीच सांगितलं होतं. शिंपी भला माणूस, त्याने सांगितल्याप्रमाणे शिवून दिला. पण झालं उलटंच. बगल खाली उतरली तशी बाही कुशीला जखडली, आणि हात जेवढा हलत होता तेवढाही हलेना. बटणांची पट्टी मागून फिरवून डावा हात घालणं तर त्याहून अवघड. तो शर्ट भावाला गेला.

मी बाभुळगावला एका शाळेत शिकवते. सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर सहज काही बघत असताना एक बाई दिसली. दूरच्या थंड देशातली, खिडकीशी बसलेली, बोलत काहीच नव्हती. दोनतीनशे वर्षांपूर्वी तिच्या देशात जसा सदरा शिवत, तसा ती लिननच्या कापडाचा सदरा शिवत होती, सगळा हाताने. मला आधी तिचा शांतपणा आवडला. मग मी तुकडे बघायला लागले. एकही तुकडा गोल कापलेला नव्हता. अंगासाठी एक लांब पट्टा, मधोमध दुमडलेला. बाह्यांसाठी दोन आयत. गळ्याला, मनगटाला पट्ट्या. आणि काखेत एक चौकोन, कोनावर उभा करून बसवलेला. त्याला आपल्याकडे चौबगला म्हणतात हे मला माहीत होतं. जुन्या माणसांच्या बंडीला मी तो पाहिला होता. बगल खाली न उतरवता हाताला जागा करून देणारा तो एवढासा चौकोन. शिंप्याला मी जे मागायला हवं होतं, ते हे होतं.

ज्या कोणी बायकांनी हे पहिल्यांदा शोधून काढलं असेल, त्यांच्याबद्दल मला तेव्हापासून फार आदर वाटतो. कापड महाग, कात्रीने एक चिंधीही वाया जायला नको. आणि त्याच सदऱ्यात माणसाने दिवसभर लाकडं फोडायची, घोडे हाकायचे. दोन्ही गोष्टी त्यांनी नुसत्या चौकोनांनी साधल्या. भूमिती मी पुस्तकातून शिकले, पासही झाले; पण ती अंगावर घालता येते हे मला त्या बाईच्या मांडीवरच्या कापडात दिसलं.

यवतमाळला मेन लाईन बाजारातल्या एका दुकानात मला लिनन मिळालं. कच्च्या दुधाच्या रंगाचं, हाताला गार लागणारं. घरी आणून बाच्या पुढ्यात उलगडलं.

"हे कायचं कापड?"

"जवसाचं."

बाने माझ्याकडे बघितलं, मग याडीकडे. आमच्याकडे पूर्वी हरभऱ्याच्या कडेने जवसाच्या ओळी असत. जवस म्हणजे चटणी, जवस म्हणजे तेल. "जवसाचं कापड," बा म्हणाला. "आन् उद्या तुरीची पॅन्ट शिवजो."

"खरंच बा. जवसाच्या काडीचे धागे निघतात."

"काडी तर आमी जाळली सारी," याडी म्हणाली. "तवा काहून नाई सांगतलं? साऱ्या तांड्याले धोतरं झाली असती."

घरात आम्ही गोरबोली बोलतो. हे बोलणं मी इथे वऱ्हाडीत लिहिते आहे, पण टोमणे तेच आहेत.

कापड आधी धुऊन वाळवलं, म्हणजे जे आटायचं ते आटून जावं. मग कापायचं. ती बाई कापण्याआधी कापडातला एक धागा अलगद ओढून काढत होती. तो निघाला की त्याच्या जागी एक सरळ बारीक रेघ उरते आणि कात्री तिच्यावरून चालवायची. मी ओढायला बसले तर धागा सारखा तुटे. याडी थोडा वेळ बघत राहिली. "सरक," म्हणाली. तिने कापड गुडघ्यावर ताणलं, धाग्याला थुंकीचं बोट लावलं आणि भाजीचा दोर काढावा तसा तो काढला. याडी काचळ्या शिवते. काचळी म्हणजे आमच्या बायकांची चोळी. छाती, बाह्या आरशांनी आणि टाक्यांनी भरलेल्या, आणि पाठ उघडी, नुसत्या बंदांनी बांधलेली. आता रोज कोणी घालत नाही, याडी स्वतःही साडीच नेसते. पण लग्नात, तीजेच्या सणाला लागते, आणि तांड्यातल्या पोरी तिच्याकडेच येतात. तिच्या काचळीवर टाका इतका दाट असतो की बोट फिरवलं तर खालचं कापड लागत नाही. मी धावदोरा घातला की ती म्हणे, "हे शिवलं का चालत गेली?"

आणि एक माणूस खाटेवरून सारखं बघत होता. मी अंगाच्या शिवणी घालत होते. दोन कडा जोडून झाल्या की आतल्या दशा मोकळ्या राहत. बा म्हणाला, "हे उसवंन."

"मग कसं करू?"

"गोणीसारखं कर."

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोणी लादून मीठ आणि धान्य वाहत गावोगाव फिरत. ते बाने पाहिलेलं नाही, त्याच्या बापानेही नाही. पण गोणीची शिवण घरात राहिली. बाच्या लहानपणी बी-भरणाच्या पिशव्या तशाच शिवत. त्याने डाव्या हाताने कापड घेतलं आणि दाखवलं. एक कड आखूड ठेवायची, दुसरी लांब. लांब कडेने आखूड कडेला पोटात घ्यायचं, दुमडून खाली दाबायचं आणि पुन्हा शिवायचं. "मिठाचा खडा सुटला नाई पायजे," म्हणाला. मी मोबाईल काढून त्याला दाखवलं. ती बाई तेच करत होती, तसंच, आखूड कड लांब कडेच्या पोटात. बाने मान पडद्याजवळ नेली. "हे बी लमाणच दिसते," तो म्हणाला.

तेव्हापासून सदरा आमचा तिघांचा झाला. शाळेतून परत येईस्तोवर ऊन उतरलेलं असे. ओट्यावर मी आणि याडी समोरासमोर बसायचो, आणि बा खाटेवर. शिवण सरळ यायला कापड ताणलेलं हवं. बा त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचा आणि दुसरं डाव्या हातात. अंगठ्यात कापड धरून बसलेला बा आणि त्याच्यापासून शिवत शिवत माझ्याकडे येणारी याडी, असं ते चाललेलं असे. मधेच याडीची सुई त्याच्या पायाजवळ गेली की तो म्हणे, "मले नको शिवजो त्याच्यात." चौबगला बसवताना चारही कोपरे नीट यायला मला तीनचारदा उसवावं लागलं. बसला तेव्हा मी तो सारखा उघडून, मिटून बघत होते. मिटला की घडीत नाहीसा होई, हात उचलला की पंखासारखा उघडे. एवढ्या साध्या गोष्टीत एवढी अक्कल असते, हे बघून मला शाळेत मुलांना सांगावंसं वाटलं, आणि सांगितलंही.

फाल्गुन लागला तशा शाळेत परीक्षा आल्या. एका संध्याकाळी उशीर होणार होता म्हणून सकाळी निघताना मी याडीला सांगून गेले की फक्त बाह्यांची तुरपाई कर. गळा मी आल्यावर कापीन. गळा म्हणजे आडवी एक चीर, डोकं जाण्यापुरती, आणि तिच्या मधून खाली छातीवर उभी लांब चीर. पुढची बाजू कुठली हे विसरू नये म्हणून मी त्या बाजूवर लाल दोऱ्याचे चार टाके टाकून ठेवले होते.

घरी आले तर सदरा दोरीवर वाऱ्यावर हलत होता. याडीने गळा कापलेला होता. उभी चीरही कापलेली होती, तिच्या कडा इतक्या सुबक दुमडलेल्या होत्या की माझ्याने तशा झाल्या नसत्या, चिरेच्या टोकाला फाटू नये म्हणून एक बारीकसा भरीव त्रिकोणही भरला होता. फक्त ती चीर पाठीवर होती.

"याडी, हे काय केलं?"

"काय केलं?"

"लाल दोरा पुढच्या बाजूला होता."

"मंग? पुढचं निशाण पाह्यूनच मागून कापलं. समोर कोनी कापते का? समोर तर दिसाचं राह्यते."

तिचं बरोबरच होतं. जन्मभर तिने छाती अखंड ठेवून ती भरली आणि पाठ मोकळी सोडली. तिच्या हाताला तोच रस्ता माहीत होता. होळी तोंडावर आली होती आणि एवढ्या अंगाचं कापड पुन्हा आणून, कापून, शिवून होणार नव्हतं. बा म्हणाला, "आन् इकडे. पाहू तर दे."

आम्ही दोघींनी त्याला तो घातला, नेहमीसारखा. आधी दुखरा हात, मग डोकं, मग दुसरा हात. गळपट्टी आणि मनगटाच्या पट्ट्या अजून लागायच्या होत्या. बाने छातीवर हात फिरवला, मग डावा हात मागे नेऊन चीर चाचपली.

"मी काय नवरी हाव का? बंद बांध आता, आन् पाठीवर आरसे लाव."

याडी पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली. मला मात्र रडू येत होतं, आणि त्या अवस्थेत मी सदऱ्याकडे बघत होते तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बिघडलेलं काहीच नाही. अंगाचा पट्टा पुढून मागून सारखा. बाह्या सरळ. चौबगला चौकोनीच. या सदऱ्याला पुढचं-मागचं असं काही नव्हतंच. चीर ज्या बाजूला येईल ती पुढची. मी म्हटलं, "बा, काढा. फिरवून घालू."

"पुन्हा काढनं, पुन्हा घालनं," बा कंटाळून म्हणाला. "थांब."

त्याने डावा हात बाहीतून आत ओढून घेतला. मग उजवं कोपर वाकवून तोही हात आत घेतला. सदरा त्याच्या अंगावर घोंगडीसारखा नुसता लोंबत राहिला, बाह्या दोन्हीकडे रिकाम्या. मग त्याने आतूनच कापड धरून तो स्वतःभोवती फिरवला. चीर मागून कुशीला आली, कुशीतून पुढे आली. डावा हात बाहीत गेला. उजवा हात आतल्या आत चाचपडत राहिला. या सदऱ्यात बाही खांद्यावर सुरू होत नाही, दंडावर सुरू होते. हात वर न्यायचाच नसतो. कोपर वाकलं, बोटं बाहीत शिरली, चौबगला उघडला, आणि उजवा हात बाहेर आला.

आम्ही दोघींनी त्याला हात लावलेला नव्हता.

याडीचं हसू थांबलं होतं. बा आपल्या हाताकडे बघत होता. मग त्याने दोन्ही हात पुन्हा आत घेतले, डाव्या हाताने गळ्याशी धरून सदरा डोक्यावरून काढला, खाटेवर ठेवला, उचलला आणि पुन्हा घातला. आधी डोकं, मग बाकीचं. आम्ही इतके दिवस आधी दुखरा हात, आधी दुखरा हात करत होतो. पाठीवरची चीर पुढे आणण्याची वेळ आली नसती तर आधी डोकं घालावं हे कोणाच्याच डोक्यात आलं नसतं. बाने तो किती वेळा काढला आणि घातला ते मी मोजलं नाही. शेवटी याडी म्हणाली, "पुरे ना. फाटंन."

"गोणीची शिवण हाय," बा म्हणाला. "काय फाटते."

गळपट्टी मी लावली, चुण्या बारीक घालून. मनगटं मुद्दाम सैल ठेवली. गळ्याला गुंडी कसली लावायची यावर थोडी बाचाबाची झाली. मला दोऱ्याची गुंडी वळायची होती, त्या बाईसारखी. याडीने तिच्या डब्यातून एक छोटी कवडी काढली आणि लावूनही टाकली. खरं सांगायचं तर ती शोभत होती.

होळीच्या पहाटे मी जागी झाले ती आतल्या खोलीतल्या हालचालीने. याडी उठून दाराशी गेली होती आणि तिथेच थांबली होती. दार आतून लावलेलं होतं. ती कडीला हात लावून उभी राहिली, मग हात खाली घेतला आणि चुलीकडे गेली. थोड्या वेळाने बा बाहेर आला. डोक्याला पागोटं, अंगात जवसाचा सदरा, कवडी लावलेली. पागोटं तेवढं भावाने रात्रीच गुंडाळून ठेवलं होतं. बा आमच्यापैकी कोणाकडेही न बघता चपला घालून निघाला.

आम्ही बायका मागाहून गेलो. होळीच्या उजेडात सदरा केशरी दिसत होता. त्याच्या वयाच्या एकाने कापड चिमटीत धरून बघितलं.

"का बावा, हा झगा कोन्या गावचा?"

"जवसाचा हाय," बा म्हणाला. "तुमी चटणी खा."

"मंग पुढच्या साली तिळाचा शिवसान काय?"

"शिवनारी पोरगी पायजे घरात," बा म्हणाला, "शिकलेली," आणि एवढं बोलून तो पुढे सरकला.

डफ दुसऱ्याच्या हातात होता. डफ धरण्याएवढा त्याचा खांदा अजून चांगला नव्हता. बाने आधी दोनतीन ओळी नुसत्या ऐकल्या. मग जिथे ओळ तुटायची तिथे तुटली, आणि ती खाली पडायच्या आत त्याने उचलली. आवाज जरा घोगरा लागला, पण लागला. बाकीच्यांनी ती झेलली, गोल फिरायला लागला. बा गोलात चालत होता आणि ताल धरण्यासाठी छातीशी हात आणून टाळ्या वाजवत होता. टाळीगणिक काखेतला चौकोन उघडत होता आणि मिटत होता.

याडी माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तरी पन सांगते, चीर मागून बरी दिसली असती. समोर थोडं भरून देता आलं असतं."